लाइट जरा बारीक करा

हरसूलमध्ये लाइटच्या अवस्था दोन नाहीत, तीन आहेत. आहे, गेली, आणि 'आहे पण काही खरं नाही'. पहिल्या दोन शहरातल्या माणसालाही कळतात. तिसरी समजून घ्यायची असेल तर त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या या टोकाला भर पावसाळ्यात यावं आणि संध्याकाळी सातला, घरोघरी कामं जोरात असताना, मिक्सर लावून बघावा. मिक्सर फिरत नाही, नुसता गुणगुणतो. पंख्याची पाती एकेक करून मोजता येतात. फ्रिजमधून 'टक्' असा आवाज येतो आणि त्यानंतर बराच वेळ काहीच येत नाही.

यात कुणाचा दोष शोधायला गेलं तर तो शेवटी जॉर्ज ओहमच्या दारात जाऊन थांबतो. लांबून आलेली लाइन, तिच्या टोकाला गाव आणि गावाच्या टोकाला पाडे. तार जितकी लांब आणि तिच्यावर भार जितका जास्त, तितका दाब वाटेतच खर्ची पडतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. ओहमचा नियम शिकवताना शहरातल्या मास्तरला टेबलावर प्रयोगाचं साहित्य मांडावं लागतं. मला नुसतं 'वर बघा' म्हणावं लागायचं. वर पिवळा बल्ब लटकत असायचा.

त्या तारेच्या बल्बचा एक स्वभाव होता. दाब थोडा उतरला तर उजेड थोडा उतरत नसे, भलताच उतरे. २३० व्होल्टचे १६० झाले, म्हणजे दाब तीस टक्क्यांनी कमी झाला, तर उजेड तीस टक्क्यांनी कमी व्हावा असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो तीस टक्केच उरतो. साठचा बल्ब पेटलाय की नाही हे बघायला त्याच्यावर बॅटरी मारावी लागे. डिमर नावाची वस्तू आमच्या बाजारात यायच्या कितीतरी आधी आमच्याकडे घरोघरी डिमर बसलेला होता. तो कुणी विकत घेतला नव्हता, आणि त्याचं बटण कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे बिनतारी म्हणायलाही हरकत नव्हती.

मग एलईडी आला. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि नऊ वॅटचे स्वस्त बल्ब गावोगाव पोचले. एलईडी बल्बच्या बुडाशी एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. बाहेर दाब किती आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. चांगल्या बल्बातला ड्रायव्हर बाहेर दीडशे व्होल्ट असोत नाहीतर अडीचशे, आतल्या दिव्यांना ठरलेला प्रवाह देत राहतो. त्यामुळे चित्र असं झालं की खाली मिक्सर गुणगुणतोय, पंखा आळोखेपिळोखे देतोय, आणि वर बल्ब मात्र ठणठणीत. संध्याकाळी सातच्या ठोक्याला पूर्ण उजेड ही गोष्ट आमच्या गावाला नवीन होती.

सुरुवातीला सगळे खूश झाले. नंतर भिंतीचे पोपडे दिसायला लागले. मग कपाटावरची धूळ, छताच्या कोपऱ्यातली जळमटं, आणि भाजीत तेल किती पडतं ते. पिवळ्या बल्बने वर्षानुवर्षं सांभाळलेली घराची अब्रू एलईडीने एका संध्याकाळीच चव्हाट्यावर आणली. आमच्याकडे बल्बच्या मागोमाग रंगारी आला. तो गेल्यावर भिंती इतक्या पांढऱ्या झाल्या की उजेड आणखी वाढला.

आणि मग आईने विचारलं, "हा बारीक होत नाही का रे?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कंदिलाच्या काळात आईने उजेड वाढवण्यासाठी काचा पुसल्या, पिवळ्या बल्बच्या काळात व्होल्टेज वाढावं म्हणून नवस बोलायची वेळ आली, आणि आता आयुष्यात पहिल्यांदा भरपूर उजेड मिळाल्यावर ती तो कमी कसा करायचा हे विचारत होती. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. उजेड नसणं ही गरिबी. उजेड असणं ही सोय. पण असलेला उजेड कमी करण्यासाठी पैसे मोजायला दुकानात जाणं, ही ऐपत. आमचं घर, मला न कळवता, या तिसऱ्या पायरीवर येऊन पोचलं होतं.

आईची अडचण खरी होती. इन्व्हर्टरचा पॉइंट एकाच खोलीत काढलेला, म्हणून पावसाळ्यात सगळं घर त्याच खोलीत झोपतं. आईला रात्री उठावं लागतं, तेव्हा तिला चप्पल दिसेल इतका उजेड हवा. बायकोला झोपताना अंधार हवा, म्हणजे पूर्ण, काळा, अमावास्येचा. मुलगा दहावीला असल्याने त्याला पूर्ण लाइट हवी, निदान आम्ही जागे असेपर्यंत तरी. मला वाचता येईल एवढा उजेड हवा, पण त्याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही.

एके काळी अशा घरांसाठी झिरोचा बल्ब असे. लाल नाहीतर हिरवा, देवघरात किंवा दारावर. नाव झिरो, पण तो पंधरा वॅटपर्यंत वीज खात असे. जुन्या चकतीच्या मीटरला इतका बारीक भार जाणवत नसे, म्हणून त्याची बिलात नोंद शून्य. नवीन मीटर आले, त्यांना सगळंच जाणवायला लागलं, आणि झिरोची झिरोगिरी संपली.

उजेड कमी-जास्त करायची माणसाची हौस मात्र मीटरपेक्षा जुनी आहे. कंदिलाला वात वरखाली करायची चावी होती. नाटकवाल्यांना तर अशा चावीशिवाय चालतच नसे, कारण रंगमंचावर सकाळ एकदम होऊन चालत नाही. जगभरच्या थिएटरांतून एक काळ असा होता की मिठाच्या पाण्याच्या पिंपात धातूच्या पट्ट्या खालीवर करून रंगमंचावरचा उजेड सांभाळायचे. पट्टी खाली गेली की सूर्योदय, वर आली की सूर्यास्त. पाणी तापून त्याची वाफ होई, आणि सूर्योदय लांबला तर पिंपाजवळचा माणूस घामाघूम. त्यानंतरचे रिओस्टॅट कोरडे होते, पण गरम तेवढेच. दिव्यातून काढून घेतलेली वीज ते उष्णता करून टाकत, म्हणजे उजेड कमी केला तरी बिल त्या मानाने उतरत नसे.

घरच्या भिंतीत मावेल असा डिमर केला जोएल स्पायरा या अमेरिकन माणसाने, १९५९ मध्ये, न्यूयॉर्कच्या आपल्या घरातल्या एका रिकाम्या खोलीत. दोन वर्षांनी त्याने कंपनी काढली. वीज जाळून उष्णता करण्याऐवजी ती मुळात कमी वेळ सोडायची, ही त्याची युक्ती. त्याच्या भिंतीतल्या गोल बटणाने अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत संध्याकाळ आणली. आमच्याकडे संध्याकाळ फुकट मिळत होती, पण ती वेळेवर येत नव्हती, एवढाच फरक.

तसं पाहिलं तर उजेडाशी खेळण्याचा मान आमच्या तालुक्याचाच. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकला जन्मले. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचं एकेक चित्र टिपत छोटी फिल्म केली, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'. 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोगही करत. नाव स्वतःचंच, फक्त उलट केलेलं. त्या वेळी चित्रीकरण उन्हात चाले आणि उजेड कमी-जास्त करण्याचा अधिकार ढगांकडे असे. 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळके कंपनी हलवून नाशिकला आले. आमच्याकडच्या पावसाची माहिती असूनही आले, याला मी धैर्य म्हणतो.

मी मात्र फक्त एका बल्बसाठी निघालो होतो. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "डिमर आहे का?"

दुकानदाराने विचारलं, "कशाला लावायचाय? पिकअपला का ट्रॅक्टरला?"

"घराला."

तो थोडा थांबला. मग सहानुभूतीने म्हणाला, "सर, डिमर-डिपर गॅरेजात भेटल. समोरच."

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात डिमर म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगजवळचा तो स्विच, जो समोरून गाडी आली की हेडलाइट खाली करतो. ट्रकच्या मागे रंगवलेलं 'यूज डिपर अॅट नाइट' वाचत आपण सगळे लहानाचे मोठे झालो. उजेड कमी करायचा तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून, ही यामागची कल्पना. आमच्या खोलीतही नेमका तोच प्रश्न होता, त्यामुळे दुकानदार तसा चुकला नव्हता. गॅरेजवाल्याने स्विच दाखवला. बारा व्होल्टचा होता.

मग नाशिकला गेलो. वाघेरा घाटातून, गिरणाऱ्यावरून. तिथल्या एका दुकानात गोल बटणाचा डिमर मिळाला. दुकानदाराने विचारलं, "कुठला बल्ब आहे?" एलईडी म्हटल्यावर त्याने बल्बच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. 'डिमरवर वापरू नये.' तारेच्या बल्बला डिमर चालतो, पण तो बल्ब आता सहसा मिळत नाही. साधा एलईडी मिळतो, पण त्याला डिमर चालत नाही. गावी परतल्यावर हे ऐकून आमचा वायरमन म्हणाला, "सर, जो बल्ब दीडशे होल्टेजला घाबरत नाही, तो तुमच्या बटणाला घाबरंल का?" विज्ञानाच्या पुस्तकात हे इतकं सोपं लिहिलेलं नाही.

तरीही त्याने डिमर लावून दाखवला. बटण फिरवत गेलो तशी बराच वेळ काहीच गडबड नाही. ड्रायव्हर आपला इमानाने पूर्ण उजेड देतोय. मग एकदम बल्बला थंडी वाजायला लागली, तो लुकलुकला आणि विझला. मध्ये कुठे थोडा उजेड म्हणून नाहीच. डिमर काढून वायरमनने साधं बटण परत जोडलं आणि गेला. रात्री बटण बंद केलं तर बल्ब पूर्ण विझेना. अगदी मिणमिणता, चप्पल दिसेल इतका उजेड देत राहिला.

आई म्हणाली, "हं, असा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी टेस्टर लावल्यावर खुलासा झाला. जोडताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली होती. बटण न्यूट्रल तोडत होतं, फेज होल्डरपर्यंत जिवंतच होता, आणि वायरींमधून झिरपणाऱ्या नखाएवढ्या प्रवाहावर एलईडी तग धरून होता. तारेच्या बल्बला इतकं पुरलं नसतं. वायरमन म्हणाला, "बारीक लाइट पाहिजे होती ना सर? फुकट झाली की." आईचा त्याला पाठिंबा होता. पण बटण बंद असताना होल्डरमध्ये फेज ठेवणं म्हणजे पुढच्या वेळी बल्ब बदलणाऱ्याला, म्हणजे मला, शॉक. मी विज्ञानाच्या बाजूने उभा राहिलो आणि घरातला एकमेव चालणारा डिमर दुरुस्त करून बंद पाडण्यात आला.

यानंतर मेहुण्याने पुण्याहून स्मार्ट बल्ब पाठवला. हा बल्ब स्वतःच बारीक-मोठा होतो, रंगही बदलतो, सगळं मोबाइलवरून. त्यासाठी घरात वायफाय हवं, मोबाइलमध्ये अॅप हवं, अॅपला खातं हवं आणि खात्याला ओटीपी हवा. आमच्या घरात रेंज एका ठराविक जागी येते, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारी, उत्तरेकडे तोंड करून. खोलीतला बल्ब बारीक करण्यासाठी मी भर पावसात छत्री घेऊन टाकीजवळ ओटीपीची वाट पाहत उभा होतो, आणि खाली बल्ब 'जोडणी चालू आहे' असं सांगण्यासाठी जोरजोरात उघडझाप करत होता. शेजाऱ्यांना वाटलं, आमच्याकडे काही कार्य आहे.

एकदाचं जमलं. दहा टक्क्यांवर ठेवलेला उबदार पिवळा उजेड, हुबेहूब कमी दाबाच्या पिवळ्या बल्बसारखा. अॅपमध्ये त्या उजेडाला एक छानसं इंग्रजी नाव होतं. आईने तो ओळखला. म्हणाली, "हा तर आपला जुनाच." घरात शांतता नांदली. बायको अंधाराच्या मागणीवरून थोडी खाली आली, आई चप्पल शोधण्याच्या मागणीवरून थोडी वर आली, मुलगा पुस्तक घेऊन बाहेर गेला.

रात्री लाइट गेली. बल्ब थेट लाइनवर होता, इन्व्हर्टरवर नव्हता, म्हणून सगळं काळंकुट्ट झालं आणि बायकोच्या मनासारखं झालं. दोनच्या सुमारास लाइट आली. अशा बहुतेक बल्बांची एक सवय असते. वीज जाऊन परत आली की आपण आधी कसे होतो हे ते विसरतात आणि पूर्ण ताकदीने पेटतात. शंभर टक्के, पांढराशुभ्र, सगळ्या झोपलेल्या कुटुंबावर. आई उठून बसली, देवाला नमस्कार केला आणि सकाळ झाली म्हणून पाणी तापवायला गेली. मी मोबाइल घेतला. वायफायचा राऊटर अजून सुरू होत होता. राऊटर सुरू झाला तेव्हा इंटरनेट आलेलं नव्हतं, आणि छतावरच्या बल्बला दीड मीटर खालच्या माझ्या बोटाचा निरोप कुठल्या तरी परदेशातल्या संगणकावरून फिरून यायचा होता. शेवटी मी खाटेवर उभा राहून गरम बल्ब उशीच्या अभ्र्यात धरून फिरवून काढला. बिनतारी घराचं हे शेवटचं बटण कंपनीने माहितीपत्रकात दिलेलं नव्हतं.

यावर एक उपाय असतो, अॅपमध्ये खोल कुठेतरी. 'वीज आल्यावर पूर्वीच्या स्थितीत राहा.' तो भाचीने शोधून दिला. भाची नाशिकला डिप्लोमा करते, इलेक्ट्रॉनिक्सला आहे. तिला कुठल्याच गोष्टीचा विकतचा उपाय पटत नाही. "मामा, परदेशातल्या सर्व्हरला विचारून आपली लाइट कमी करायची? मी बनवते."

ती दिवाळीच्या सुट्टीत एक पिशवी घेऊन आली. पिशवीत ईएसपी-८२६६ नावाची चिप असलेलं बोटभर बोर्ड होतं, दोन-तीनशे रुपयांचं, ज्याला स्वतःचं वायफाय असतं. त्याच्या जोडीला ट्रायॅक बसवलेली एक पट्टी, आणि श्रीखंडाचा रिकामा डबा. डबा म्हणजे कॅबिनेट. वायरमन तो बघून दोन पावलं मागे सरकला. "ताई, त्यात २३० होल्ट?" भाचीने शांतपणे आतली पट्टी दाखवली, जिथे विजेची मोठी बाजू आणि चिपची छोटी बाजू यांच्यात प्रकाशानेच निरोप देणारा एक भाग होता, मधे तार नाही. वायरमनने डबा बदलून रीतसर प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स आणला, मगच पुढे जाऊ दिलं. श्रीखंडाच्या डब्यावर त्याचा आक्षेप फक्त एवढाच होता की तो वितळतो.

ट्रायॅकचं काम तिने मला समजावलं, आणि आता मी ते नववीला समजावतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते, म्हणून ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते. दोन शून्यांमध्ये दहा मिलिसेकंदांचा वेळ. लाट शून्यावरून निघाली की चिपला खूण मिळते, चिप थोडा वेळ गप्प बसते आणि मग ट्रायॅकला इशारा करते. ट्रायॅक अक्षता पडून गेल्यावर येणाऱ्या, पण पंगत उठेपर्यंत न हलणाऱ्या पाहुण्यासारखा आहे. उशिरा उघडतो, आणि एकदा उघडला की लाट शून्याला येईपर्यंत बंद होत नाही. पाच मिलिसेकंद उशीर केला तर साध्या दिव्याला निम्मी वीज मिळते. आठ मिलिसेकंद उशीर, तर नुसती चव. हे सेकंदाला शंभर वेळा होतं, म्हणून डोळ्याला कळत नाही, आणि मोबाइलवरून फक्त किती उशीर करायचा तेवढं सांगायचं असतं. सगळं घरातल्या घरात. टाकीवर चढायला नको, ओटीपी नको.

डिमरवर चालणारा खास एलईडी बल्ब तिने सोबत आणला होता. तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवर जोडला. लाइन असताना सगळं झकास चाललं. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला आणि बल्ब थरथरायला लागला. आमचा इन्व्हर्टर जुना, त्याची लाट गुळगुळीत नाही, चौकोनी आहे. ती शून्यावरून जात नाही, शून्याला ओलांडून उडी मारते. भाची लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन दिवस खाटेवर बसून होती. मधूनच ओरडायची, "मामा, झिरो सापडत नाहीये!" आई मला विचारायची, "काय हरवलंय तिचं?" मी सांगितलं, झिरो. आईने देवघरातून जुना लाल बल्ब आणून दिला.

मी हिशेब मांडला, तो मास्तरकीच्या सवयीने. नऊ वॅटचा बल्ब निम्मा केला तर चार-साडेचार वॅट वाचतात. ते वाचवण्यासाठी राऊटर चोवीस तास चालू, पाच-सात वॅट. वर राऊटर आणि चिप चालू राहावेत म्हणून इन्व्हर्टर, आणि त्याची बॅटरी गरम होते ते वेगळंच. शिवाय राऊटरवर हिरवे दिवे आहेत. सगळं बंद केल्यावर त्या हिरव्या दिव्यांच्या उजेडात आईची चप्पल व्यवस्थित दिसते. हा शोध मी घरात जाहीर केला, तेव्हा भाचीने राऊटरवर काळी टेप चिकटवली.

डिमर झाला, पण भांडण मिटलं नाही, फक्त तोंडाकडून बोटाकडे गेलं. अॅप सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होतं. मी चाळीस टक्के करायचो, शेजारच्या खाटेवरून कुणी दहा करायचं, बाहेरून मुलगा ऐंशी करायचा. बल्ब कुणाचंच मन मोडत नव्हता, सगळ्यांचं ऐकत होता, आणि खोलीत चाललेला तो प्रकार पाहून आईने उठून भिंतीवरचं साधं बटण दाबलं आणि झोपली. तिच्याकडे मोबाइल नाही. घरात शेवटचा शब्द तिचाच राहिला.

भाचीचा डबा मग कपाटावर गेला. तो खाली आला उन्हाळ्यात, बोहाड्याच्या वेळी.

त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या आमच्या पट्ट्यात बोहाडा म्हणजे रात्रभराचा सोहळा. गणपती, भीम, रावण, नरसिंह अशी सोंगं मोठमोठे मुखवटे लावून संबळाच्या तालावर एकेक करून नाचत येतात. पूर्वी हे सगळं टेंभ्यांच्या उजेडात चाले. मग गॅसबत्त्या आल्या, मग मंडपवाल्याचे हॅलोजन. हॅलोजनचा उजेड असा की लांबून नरसिंह आला तरी आधी त्याचे पांढरे बूट दिसतात. मागे एकदा एका पाड्यावर रावण गरजत आला, तर पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांना सांगत होती, "अरे, हा तर टमटमवाला." जुनी माणसं नाराज होती. लाइट कमी करा म्हटलं तर मंडपवाला म्हणे, अर्धे हॅलोजन काढतो. मग अर्धं अंगण उजेडात आणि अर्धा रावण अंधारात.

वायरमनला ही गोष्ट आठवली आणि तो संध्याकाळी आमच्या दारात उभा. "सर, ताईंचा तो डबा कुठंय?"

हॅलोजन म्हणजे शेवटी तारेचाच दिवा. त्याला ड्रायव्हर नाही, मान नाही, अपमान नाही. ट्रायॅक जितकी वीज देईल तितका पेटतो, आणि कमी दिली की पिवळा, मग लालसर होत जातो. आमच्या खोलीतलं भांडण ज्या डिमरला मिटवता आलं नाही, त्याने पाचशे वॅटच्या हॅलोजनला मांजर करून ठेवलं. फोनवरून भाचीने एकच अट घातली, ट्रायॅकला मोठा अॅल्युमिनियमचा हीटसिंक लावा, नाहीतर रावणाआधी तोच पेटेल. वायरमनने तो कुठल्याशा जुन्या अॅम्प्लिफायरमधून काढून आणला. सोंगं निघायच्या आधी चाचणी झाली, आणि अंगणात जमलेल्या प्रत्येक माणसाला एकाच वेळी प्रकाशयोजनेतलं कळायला लागलं. "थोडं वाढव." "नको, बारीक कर." "आता बरोबर." "बरोबर काय, तोंड दिसत नाही." "तोंड दिसायलाच नको ना!"

शेवटी एका म्हाताऱ्या पुढाऱ्याने हात वर करून आवाज बंद केला आणि तीस टक्क्यांवर ठेवायला सांगितलं. त्यांनी टक्के म्हटलं नाही, "होल्टेज जायचं तेव्हा व्हायचं तेवढं" असं म्हटलं. वायरमनला ते बरोबर कळलं.

पहाटे सगळं आटोपल्यावर मंडपवाला समितीकडे हिशेब घेऊन आला. हॅलोजनचं भाडं, वायरचं भाडं, जनरेटरचं भाडं, आणि खाली नवीन कलम: डिमर.

समितीचा खजिनदार म्हणाला, "लाइट तर आम्ही रात्रभर निम्मीच वापरली. भाडं निम्मं पाहिजे."

मंडपवाल्याने पेन कानावर ठेवलं. "पुऱ्या लाइटचं भाडं ठरल्याप्रमाणे. बारीक करायचे वेगळे."